जपानी डब्बा आणि काळी चार

या दिवाळीपर्यंत ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, मुलीला नाही, नागऱ्याच्या शिवमंदिरात हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही. आमच्या नाटक मंडळाचे गायक डोमाभाऊ, त्यांचा गळा त्या हंगामात गेला नव्हता. गळा होता तसाच होता. सूर मी चढवला होता.

लिहून पाहिलं तर दोन ओळींचं काम. एवढ्यासाठी माणूस अर्धं आयुष्य तोंड मिटून बसतो, हे आता माझं मलाच खरं वाटत नाही.

आमच्याकडे दिवाळी सरते आणि मग सण सुरू होतो. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या खाचरांत, पिवळा उभा असतो. कापलेल्या बांधीत धानाच्या कडपा आडव्या पसरलेल्या, त्यांच्यावर सकाळचं दव. ऊन चढलं की त्या कडपांतून ओलसर, गोडसर वास सुटतो. तो वास आला की माझी बोटं आपोआप हलायला लागतात. शाळेत फळ्यावर समीकरण लिहीत असलो तरी डावा हात फळ्याच्या चौकटीवर सूर धरून बसतो. पोरं हसतात. हसू देत.

भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, जावई येतात, मुलगी पाहायला आणि मुलगा पाहायला माणसं येतात. गुरं राखणारे गोवारी कापडाने सजवलेल्या उंच बांबूची ढाल घेऊन नाचत येतात, जिलेबीच्या कढया चढतात, रस्त्याच्या कडेला बांगड्या, फुगे आणि लोखंडी तवे एकाच चादरीवर मांडलेले असतात. आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला मंडईत जेवायला नसलं तर एक वेळ चालेल, नाटक नसलं तर गावाची इज्जत जाते.

यंदा सुट्टीत अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. शेतापलीकडच्या गावात मंडईची तयारी चालू होती. भोंग्यावर कोणीतरी ‘हॅलो, हॅलो, माइक चेक’ करत होता. त्याच्या मागून एक सूर आला. एकच. कोणी तरी की-बोर्डवर बोट टेकवून पाहिलं असेल. घंटेच्या कडेला हलकेच नख लागावं आणि मग त्यावर कोणी मऊ कापड टाकावं, तसा सूर. माझ्या डब्ब्याचीच जात. नव्या की-बोर्डात त्याची नक्कल भरलेली असते, हे मला ठाऊक आहे. तरी काटा आला.

मी उठलो आणि कपाटावरून डब्बा उतरवायला लागलो.

बायको दारात येऊन उभी राहिली. “दिवाळीची साफसफाई झाली अन् आता त्या मढ्याले उतरवून राहिले? कायले?”

“धर जरा तिकडून.”

“माही कंबर मोडाची हाय का?” म्हणत तिने धरलं. या वयात दोघांशिवाय तो हलत नाही. अंग लोखंडी आहे त्याचं. आता मिळणारे की-बोर्ड काखोटीला मारून नेता येतात, हा तसा नाही. मातकट काळा रंग, वर हिरवट चपट्या बटणांच्या रांगा. ती बटणं दाबली तरी खाली जात नाहीत, ताणलेल्या कातड्यावर बोट टेकल्यासारखं वाटतं. मधोमध खोडरबराएवढी काच, तिच्यात करडी अक्षरं उमटतात. डाव्या अंगाला नखाएवढ्या टोकाची एक सरकपट्टी. सिंथेसायझर हे त्याचं खरं नाव. मंडळात ते नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. डोमाभाऊंनी पहिल्याच दिवशी त्याला ‘जपानी डब्बा’ म्हटलं आणि तेच राहिलं.

वायर लावली. काचेत अक्षरं आली. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी ती अक्षरं उमटेपर्यंत मी वायर हातातून सोडत नाही. उमटली की वाटतं, हा माझ्यापेक्षा जास्त जगणार.

या यंत्राबद्दल मला जे वाटतं त्याला भक्ती म्हणावं की भीती, हे मला ठरवता आलेलं नाही. मी गणिताचा मास्तर. आत काय चालतं ते मला कागदावर मांडून दाखवता येतं, आणि तरीही ऐकताना ते पटत नाही. आत कोणाचंही वाजवणं भरून ठेवलेलं नाही. पियानो नाही, सतार नाही, घंटा नाही. आत नुसते आकडे आहेत आणि त्या आकड्यांच्या लहरी. एक लहर दुसरीला हलवते, हललेली दुसरी तिसरीला हलवते, आणि शेवटी जे बाहेर पडतं त्याला कान म्हणतो, अरे, ही तर घंटा. चोरखमारा तलावाच्या पाळीवर बसून मी हे पाण्यात पाहिलेलं आहे. वाऱ्याने पाण्यावर आधीच बारीक वळ्या उठलेल्या असतात. त्यात खडा टाकला की वर्तुळ पसरतं, पण ते नुसतं गोल राहत नाही. वळ्यांतून जाताना त्याच्या अंगावर शहारे उठतात. या डब्ब्यात सारं संगीत त्या शहाऱ्यांचं आहे.

आणि बोटाची त्याला समज आहे. हळू टेकवलं तर सूर अर्धवट झोपेत असल्यासारखा येतो. जोर दिला तर नुसता मोठा होत नाही, उजळतो. पेटीला हे येत नाही. पेटीचा भाता जोरात मारला तर ती ओरडते. हा ओरडत नाही. दिव्याची वात वर केल्यासारखा पेटत जातो.

मुलगी पुण्याला नोकरी करते. मागे फोनवर म्हणाली, “पप्पा, तुमच्या त्या डब्ब्याचे आवाज आता फोनमध्ये फुकट मिळतात. पण माझ्या ऑफिसातला एक जण खरं मशीन शोधत फिरून राहिलाय. विकता का?”

“नाही.”

“काऊन?”

“असंच.”

तिला वाटलं बापाचं प्रेम आहे. प्रेम आहेच, ते खोटं नाही. मी बराच विचार केला की लोक अजून याच्या मागे का आहेत. नवी यंत्रं बासरी हवी तर हुबेहूब बासरी देतात, फुंकणाऱ्याच्या श्वासासकट. याला ते जमलं नाही. त्याने बासरीची नक्कल करायला घेतली आणि त्याच्या हातून भलतंच काही तरी झालं, जे जगात आधी नव्हतं. चुकलेली नक्कल हळूहळू स्वतःचं रूप होऊन बसली. आता बाकीची यंत्रं त्या चुकलेल्या नकलेची नक्कल करतात. हे आठवलं की मी त्याच्यासमोर मांडी घालून बसतो आणि बराच वेळ काही वाजवत नाही.

तो आमच्या मंडळात आला तेव्हा मी डी.एड. करून नोकरीची वाट पाहत होतो. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने नवीन की-बोर्ड घेतला आणि हा काढून टाकला. आमच्या मंडळाच्या मालकांनी, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो, तो घ्यायचं ठरवलं. मी आणायला गेलो. गोंदियापर्यंत रेल्वेत गोधडीत गुंडाळून, मांडीवर आडवा घेऊन आणला. शेजारची बाई म्हणाली, “भैया, इसमें क्या है?” मी म्हटलं, “बाजा है.” ती म्हणाली, “इतना बड़ा बाजा, और आवाज़ नहीं कर रहा?” मला तेव्हाही वाटलं, बाई, हा बोलायला लागला की तुम्ही उतरायचं स्टेशन विसराल.

त्या हंगामापासून पायपेटी कोपऱ्यात गेली आणि मी डब्ब्यावर बसलो. मंडळाचे मुख्य गायक-नट डोमाभाऊ. वय चाळिशीच्या पुढे, घरची धानाची शेती, वाडवडलांनी बांधलेल्या तलावाखालची. हंगामाच्या आधी स्वतः इळा घेऊन बांधीत उतरणार, आणि तालमीला येताना अंगावर धानाचं कूस तसंच. पण तोंड उघडलं की माणसं हातातलं काम खाली ठेवायची. त्यांचा आवाज गोड नव्हता. गोड आवाजाची माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचा आवाज उभा होता. वर जाताना बारीक होत नव्हता, तितकाच रुंद राहत होता. हे कसं होतं ते मला आजही माहीत नाही. डब्ब्यातली कुठलीच लहर मला तसं करता आली नाही, आणि मी करून पाहिलं आहे.

पहिल्या तालमीला त्यांनी डब्ब्याभोवती एक फेरी मारली. “काऊन बे पेटीवाल्या, ह्याच्यात हवा कोठून जाते?”

“हवा लागत नाही, भाऊ. वीज लागते.”

“मंग लाइन गेली त का तू गाशीन?”

सगळे हसले. आणि लाइन त्या काळी रोज जायची, त्यामुळे ते रोज हसले.

मी म्हणायचो, “भाऊ, सूर तर बराबर लागते ना?”

“सूर लागते गा. पन ह्याले दम नाही लागत. ज्याले दम लागत नाही, त्याले दमाची किंमत का समजन?”

हे ते गमतीत बोलायचे. पण मी तेव्हा त्या यंत्राने झपाटलेला होतो. दिवस दिवस त्याच्यापुढे बसून आवाज घडवायचो. पावसाच्या आधीचा वारा, तलावाच्या तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून, सुटणारं पाणी, सारस जोडीने ओरडतात ते. मंडळात कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. म्हणायचे, गाण्याच्या वेळी सूर दे म्हणजे झालं. माझं सारं जग त्या डब्ब्यात होतं आणि डोमाभाऊंच्या लेखी ते लाइनवर चालणारं एक भांडं होतं.

त्यांची एक सवय होती. गाणं सुरू करण्याआधी खांद्यावरचा दुपट्टा सावरत ते माझ्याकडे वाकायचे आणि माझी बोटं पाहायचे. “कारी चार हाय ना?” काळीला आमच्या बोलीत कारी म्हणतात, गळ्याला गरा. काळी चार ही त्यांची पट्टी, चौथ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा. पायपेटीच्या काळापासून ते असंच डोळ्याने पाहून घ्यायचे. बोट त्या पट्टीवर दिसलं की गळा निर्धास्त. पायपेटीवर बोट काळी चारवर असेल तर सूर काळी चारचाच निघणार, दुसरा निघेल कसा?

डब्ब्यात निघतो. एक बटण दाबून ती सरकपट्टी वर ढकलली की सगळे सूर एकदम वर जातात, जवळजवळ अर्धा सूर. बोटं जागची हलत नाहीत. पाहणाऱ्याला काही दिसत नाही. दुसऱ्या वाद्यांशी जुळवून घ्यायला केलेली ती सोय आहे.

डोमाभाऊंच्या स्वतःच्या गावची मंडई होती. रात्रीच्या नाटकाची जाहिरात म्हणून दुपारी, बाजार भरलेला असताना, आम्ही मंचावर दोन-चार पदं म्हणायचो. त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं. नवा जावई पुढच्या खुर्चीवर बसला होता. गर्दीत आणखी कोणी होतं. मला पाहायला आलेली माणसं. आज जे माझे सासरे आहेत ते, त्यांचे दोन भाऊ आणि एक काकाजी.

डोमाभाऊंनी माइक हातात घेतला. “आज आपल्या गावात जपानचे पाहुने आले हायत,” माझ्याकडे हात करून म्हणाले. “त्याईले जेवाले नको, चहा नको. फक्त लाइन द्या. अन् लाइन गेली त त्याईले झोप येते, मंग कोनी उठवू नका.”

सगळी मंडई हसली. जावई हसला. मला पाहायला आलेले काकाजीही हसले, मी पाहिलं.

मी बटण दाबलं आणि सरकपट्टी वर ढकलली. विचार केला नाही असं म्हणून मी सुटणार नाही. विचार केला होता. मनात म्हटलं, दमाची किंमत कळू दे.

डोमाभाऊ वाकले. उन्हात काचेतली अक्षरं दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी त्यांना ती वाचायची नव्हती. त्यांनी बोटं पाहिली. “कारी चार हाय ना?”

“हाय,” मी म्हणालो. बोट काळी चारवरच होतं.

लेक सासरी निघाल्यावर बाप म्हणतो ते पद. पहिल्या ओळीला त्यांनी मान किंचित वर केली, बूट घट्ट झाल्यावर पाय जुळवून घेतो तसं. मधला भाग निभावला. शेवटी वरचा सा लावून ते थांबायचे, आणि ते थांबले की जिलेबीवाल्याचा झाराही थांबायचा. त्या दुपारी ते वर गेले, सुराला हात लागला आणि आवाज वाळल्या बांबूसारखा उभा चिरला. त्यांनी खाली उतरून पुन्हा घेतला. पुन्हा चिरला. मग त्यांनी लोकांना हात जोडले आणि पद तिथेच सोडलं. मागून कोणी तरी म्हणालं, “डोमा बुढा झाला गा.” वाईट मनाने नाही. माणसं हळूच हसली. बायकांच्या बाजूला त्यांच्या मुलीने मान खाली घातली होती.

माझी बोटं वाजवतच होती. मला हवं होतं ते मिळालं होतं. नखाएवढी सरकपट्टी, आणि तिने एक उभा माणूस मंचावर आडवा केला.

इथवर राग होता. राग एकदाचा असतो, त्याला माफी मागायला वाट असते. पुढचं मी रागाने केलं नाही, आणि लाज मला त्याची जास्त आहे. त्या रात्रीच्या नाटकात डोमाभाऊंनी पदं म्हटलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या मंडईला जाताना गाडीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. पहिल्यांदाच मला ‘पेटीवाल्या’ म्हणाले नाहीत. म्हणाले, “बाबू, तुहा कान तयार हाय. आज माहा गरा पाह्यजो बरं. काही बिघडून रायला का?”

मी हो म्हटलं. आणि मंचावर बसल्यावर मला कळलं की आज त्यांचा सा नीट लागला तर त्यांना कालचं कोडं पडेल. काल चिरला, आज लागला, मध्ये काय बदललं? त्यांची नजर डब्ब्याकडे वळेल. मी घाबरलो. मी सरकपट्टी पुन्हा वर ढकलली. मग त्या हंगामात ती वरच राहिली. डब्बा बंद केला की ती खूण पुसली जायची, चालू केला की सूर पुन्हा जागेवर. म्हणजे प्रत्येक मंडईत मला ते नव्याने करावं लागायचं. मी केलं.

डोमाभाऊंनी तंबाखू सोडली. ज्येष्ठमध चघळायला लागले. थंड पाणी बंद, तळलेलं बंद. तालमीत कोणी म्हणालं की, भाऊ, डब्ब्यातच काही खोट असन, तर तेच म्हणायचे, “डब्बा कसा चुकन? मशीन हाय ते. आपलाच गरा गेला.” ज्यांनी त्याची थट्टा केली होती ते आता स्वतःच्या गळ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवत होते.

होळीनंतर हंगाम संपला. त्यांनी शेठना सांगितलं, दुसरा गायक पाहा. मला पुढे नोकरी लागली. माझं लग्न त्या मंडईत आलेल्या माणसांच्याच घरी जमलं, म्हणून बायकोला तर कधीच सांगता येईना. मंडळ मोडलं तेव्हा शेठ म्हणाले, “तुझ्याशिवाय चालवता कोणाला येते?” आणि डब्बा माझ्याच घरी आला. डोमाभाऊ त्यानंतर मंचावर चढले नाहीत. मधूनमधून त्यांच्या गावचा कोणी भेटायचा. मी विचारायचो, डोमाभाऊ गातात का? “नाही जी. त्याईचा गरा फुटला ना मंडईत, तुम्ही तर होते तिथं.”

तर यंदा तो एक सूर भोंग्यातून आला, मी डब्बा उतरवला, आणि दोन दिवस त्याच्याशी बोटं घासत बसलो. त्यांच्या गावची मंडई होऊन जाऊ दिली, हेही सांगून टाकतो. गर्दीत जायची हिंमत नव्हती. मग बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मले कायले सांगता? त्याईले सांगा.” आणि डब्ब्याचं दुसरं टोक धरून तिने तो गाडीत ठेवायला मदत केली. या वेळी कंबरेचं काही बोलली नाही.

डोमाभाऊ अंगणात बाजेवर बसले होते. आता सत्तरीचे. दारात धानाचं पुंजणं रचलेलं. मला पाहून उठले. “या मास्तर. लय दिवसानं.” वैनींनी पाणी आणलं. मी पाणी प्यायलो नाही. उभ्यानेच सांगितलं. किती वाक्यं झाली आठवत नाही, पण सरकपट्टी, बटण, काळी चार, आणि मग पुढचा सगळा हंगाम, काही गाळलं नाही.

ते माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. समजत नव्हतं. “बोट तर कारी चारवर होता,” ते म्हणाले. “मी पाह्यलो ना.”

“बोट तिथंच होतं, भाऊ.”

“मंग?”

त्यांच्या मुलाला हाताशी घेऊन मी गाडीतून डब्बा आणला. त्याने वायर काढून दिली. बाजेवरच ठेवला. मी काळी चार दाबून धरली आणि त्यांचा हात सरकपट्टीवर ठेवला. त्यांनी भीत भीत ती वर केली. सूर चढला. खाली केली, सूर उतरला. पुन्हा वर. पुन्हा खाली. त्यांची नजर माझ्या बोटावर खिळलेली होती. ते हललं नव्हतं.

“बाप्पा,” ते पुटपुटले. “बोट जागच्या जागी अन् सूर निंघून गेला.” त्यांच्या डोळ्यांत त्या क्षणी तेच होतं जे मी पहिल्यांदा हा डब्बा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत असणार. इतकं झाल्यावरही त्यांना त्या यंत्राचं नवल वाटत होतं. सरकपट्टी त्यांनी कितीदा तरी वरखाली केली. मी बोट काढायला धजलो नाही.

मग त्यांनी ती खाली, जागेवर आणली आणि हळू आवाजात सा लावला. लागला. ती वर केली आणि तिथेही लावून पाहिला. गळ्यात खरखर होती, वय होतं, पण दोन्ही सुरांमधलं अंतर त्यांनी नीट मोजलं. दोन बोटं चिमटीसारखी जवळ धरून मला दाखवली.

“यवढाच?”

मी मान हलवली.

“यवढ्यासाठी मी गानं सोडलो?”

वैनी ओसरीत उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, नवऱ्याशी बोलल्या. “मी तवाच म्हनत होती. घरी बराबर लागते, बांधीत बराबर लागते, मंडईतच कसा बिघडते? तुम्ही मले म्हनले, तुले का समजते गान्यातलं.”

“म्हनलो होतो,” डोमाभाऊ म्हणाले. आणि बायकोकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. “ते नोको करू, मास्तर. तू मले सांगून मोकरा होऊन रायला. मी का करू हे ऐकून? माहा दम आता पायरी चढाले पुरत नाही.” मग म्हणाले, “माहा गरा मले एकट्याले फुटलेला नाही दिसला. साऱ्या गावानं पाह्यला. जावयानं पाह्यला. तो अजून माह्यापुढं गान्याची गोष्ट काहाडत नाही, मले वाईट वाटन मनून. त्याईले कोन सांगन?”

“मी सांगतो.”

“घरोघरी फिरशीन का?” ते जरासे हसले, जुन्या तालमीतल्यासारखे. “मंडईत सांग. माइकवर. जेथं झाला तेथं. यंदाची मंडई त सरली. पुढच्या वर्सी लागन.”

“सांगतो.”

“तवरी मी राह्यलो पायजे,” ते म्हणाले, आणि वैनींना म्हणाले, “मास्तरले चहा दे.”

चहा प्यायलो. तो नाकारायचा मला हक्क नव्हता. डब्बा परत गाडीत घातला तेव्हा त्यांनी त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवला, विकत घ्यायच्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

घरी आलो, आणि हे लिहायला घेतलं. यात मी माझं आणि त्या गावाचं नाव झाकून ठेवलेलं आहे, वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती मंडई माहीत नाही, आणि ज्यांनी त्या दुपारी ते पद ऐकलं त्यातले फार थोडे हे वाचतील. म्हणून या लिहिण्याने माझं काही फिटलेलं नाही. त्या गावच्या मंडईत, भर दुपारी, माइकवर उभं राहून, माझं नाव आणि डोमाभाऊंचं नाव घेऊन, त्यांच्या जावयासमोर मला हे सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.